आईंची झोप आणि हॉलमधला स्किमर

ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. घर वन बीएचके. हॉलमध्ये दीड वर्षापासून ३ × १.५ × १.५ फुटांचा मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या माशांचा टँक, खालच्या प्लायवूडच्या कपाटात दोन फुटी सम्प (टँकचं पाणी जिथे खाली उतरतं आणि पंपाने पुन्हा वर जातं ती कप्प्यांची टाकी). टँकमध्ये दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक गोबी, एक क्लीनर श्रिम्प (छोटी कोळंबी) आणि थोडे सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ). सहा महिन्यांपूर्वी आई गावाहून कायमच्या राहायला आल्या. त्यांचा दिवाण टँकच्याच भिंतीला, कोपऱ्यात आहे. 'लांब कुणीतरी मिक्सर चालू ठेवलाय आणि वर साप फुसफुसतोय असं वाटतं,' असं त्या म्हणतात. म्हणून वाचक रात्री अकराला स्किमर (पाण्यात बारीक बुडबुडे घुसळून फेसाबरोबर घाण कपात काढणारं यंत्र) बंद करतात आणि सकाळी सहाला पुन्हा सुरू करतात. महिनाभरापासून पहाटे क्लाउनफिश पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवताना दिसतात, आणि स्किमर सुरू केला की दहा मिनिटांत त्याचा कप भरून वाहतो. स्किमर थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या साध्या एसी पंपाचा आहे. 'मोठाच घ्या' या दुकानदाराच्या सल्ल्यावरून ६०० लिटरसाठीचा घेतलेला, सम्पच्या शेवटच्या कप्प्यात, पाणी वर टँकमध्ये चढवणाऱ्या रिटर्न पंपाशेजारी ठेवलेला. आता पंचवीस हजारांच्या आसपासचा, ॲडॉप्टरवर चालणाऱ्या डीसी पंपाचा 'सायलेंट' स्किमर घ्यावा का, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्नीचं मत टँक विकून टाकावा असं आहे. शेवटी ते लिहितात, 'आईची झोप की मासे, असं निवडायचं असेल तर उत्तर मला माहीत आहे. पण त्याआधी शांत स्किमर नेमका कोणता, ते सांगा.'

---

तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं. पण पत्र दोनदा वाचूनही, अशी निवड करायची वेळ तुमच्यावर आली आहे असं वाटत नाही. तुमच्याकडे गरजेपेक्षा मोठा स्किमर आहे, तो चुकीच्या कप्प्यात आहे, आणि त्याचा आवाज कुठून येतो हे अजून कुणी शोधलेलं नाही. ते शोधायला एक रात्र लागते, पैसे लागत नाहीत. नवीन स्किमरचं त्यानंतर बघू.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. रात्री स्किमर बंद करणं सोडायला हवं. दिवे चालू असतात तेव्हा कोरलच्या पेशींतलं आणि दगडांवरचं शेवाळ ऑक्सिजन तयार करतं. दिवे मालवले की ते काम थांबतं, पण मासे, कोरल आणि दगडांतले जिवाणू रात्रभर ऑक्सिजन घेतच राहतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतच राहतात. त्यामुळे पहाटे ऑक्सिजनही सर्वांत कमी असतो आणि पीएचही. त्यात खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. २६ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात साडेसहाच्या आसपास. स्किमर घाण काढतो ते कपात दिसतं. तो सतत हवा पाण्यात घुसळत असतो, हे दिसत नाही, आणि रात्री तेच काम मोलाचं असतं. ज्या सात तासांत त्याची सर्वांत जास्त गरज, तेच सात तास तुमच्याकडे तो बंद असतो. क्लाउनफिश पहाटे वर येतात त्याचं कारण बहुधा हेच. खात्री करायची खूण सोपी आहे. स्किमर सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत श्वास नेहमीसारखा झाला तर ऑक्सिजनची कमतरता होती. दिवसभर तसाच राहिला, किंवा अंगावर पीठ भुरभुरल्यासारखी बारीक पूड दिसली, तर तो रोग समजा आणि त्याच दिवशी उपचाराला लागा.

सकाळी कप वाहतो त्याचंही मूळ इथेच आहे. बंद केल्यावर स्किमरच्या मानेत, म्हणजे कपाखालच्या अरुंद नळीत चढलेला घट्ट फेस बसतो आणि त्यातली घाण पुन्हा पाण्यात उतरते. सकाळी पंप सुरू होतो तेव्हा फेसाचा थर नव्याने बांधला जाईपर्यंत नुसतं बुडबुड्यांचं पाणी वर चढतं. म्हणजे रोज सकाळचे काही तास स्किमर काढलेलीच घाण परत काढत बसतो.

पुढच्या दोन-चार रात्री बंद ठेवावाच लागला, तर वेव्हमेकरचं (टँकमधलं पाणी हलवणाऱ्या छोट्या पंपाचं) तोंड थोडं वर करा. पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा न राहता सगळीकडे लहरी उठताना दिसायला हव्यात. टँकवर काचेचं झाकण असेल तर ते रात्री अर्धं उघडं ठेवा. ही तात्पुरती सोय आहे.

आता आवाज. रात्री साडेअकरानंतर पंखा, एसी, टीव्ही बंद करून आईंच्या दिवाणावर, त्यांचं डोकं असतं तिथे बसा. मोबाइलवर डेसिबल मोजणारं कोणतंही ॲप चालेल. आकडा अगदी अचूक नसला तरी आधी किती आणि नंतर किती, हा फरक कळतो. आवाजाच्या मोजपट्टीवर १० डेसिबलची घट म्हणजे कानाला साधारण निम्मा आवाज, त्यामुळे तीन-चार डेसिबल कमी झाले तरी ते यशच. सम्पजवळ वायरींना हात लावण्याआधी घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते बघा. नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या. खारं पाणी आणि वीज एकत्र नांदतात त्या घरात याला पर्याय नाही.

बंद करण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी फक्त स्किमर बंद करा आणि दोन मिनिटं ऐका. मग तो बंदच ठेवून रिटर्न पंप बंद करा. उलटं केलंत, म्हणजे स्किमर चालू असताना रिटर्न पंप थांबवला, तर टँकमधलं पाणी खाली उतरून सम्पची पातळी वाढेल आणि कप भरून कपाटात सांडेल. शेवटी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) असेल तर तो. चिलरचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो, त्यामुळे तो नेमका कोणत्या वेळी चालू होता तेही लिहून ठेवा. या तपासणीत बऱ्याच जणांच्या लक्षात येतं की सर्वांत मोठा आवाज स्किमरचा नव्हताच. वरून सम्पमध्ये येणाऱ्या पाईपची गुडगुड होती. ती असेल तर त्या ओव्हरफ्लो पाईपवर गेट व्हॉल्व्ह (हळूहळू बंद करता येणारी झडप) बसवून पाईप पाण्याने पूर्ण भरून वाहील इतका तो बंद करायचा, आणि त्याच्या शेजारी आणीबाणीसाठी दुसरा पाईप मोकळा ठेवायचा. दुसरा पाईप नसेल तर मात्र व्हॉल्व्हला हात लावू नका. एक गोगलगाय अडकली तरी हॉलमध्ये पाणी होईल.

समजा स्किमर बंद केल्यावर खरंच शांत वाटलं. मग तो पुन्हा सुरू करा आणि आवाजाचे भाग पाडा. आईंच्या बोलण्यात निम्मं निदान आलेलं आहे. मिक्सर आणि साप हे दोन वेगळे आवाज आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

साप म्हणजे हवा. पंप एका बारीक तोंडातून हवा ओढतो, तिथे फुसफुस होते. हवेची नळी बोटांनी दहा सेकंद दाबून धरा. फुसफुस थांबली की खात्री झाली. स्किमरसोबत येणारा छोटा सायलेन्सर बहुतेक वेळा अपुरा असतो. अर्ध्या लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, झाकणाला नळी घट्ट बसेल एवढं भोक पाडा, तळाला ५ मिलिमीटरची दहा भोकं पाडा आणि आत फिल्टरचा कापूस अगदी सैल भरा. दहाच का, तर ६ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीचं तोंड सुमारे २८ चौरस मिलिमीटर असतं आणि दहा भोकांचं मिळून १९६. हवा जिथून आत येते ते तोंड नळीच्या कितीतरी पट मोठं हवं. ते अरुंद ठेवलं किंवा कापूस ठासून भरला, तर हवा कमी पडते, फेस पातळ होतो, आणि आवाज फुसफुशीऐवजी शिट्टीचा होतो. बाटली सम्पच्या पाण्यापेक्षा बरीच वर, कपाटाच्या मागच्या बाजूला बांधा. पंप थांबला की नळीत पाणी चढतं, बाटली खाली असेल तर ते तिच्यातून ठिबकत राहील.

शिट्टी आधीपासूनच येत असेल तर हवेच्या तोंडाशी मिठाचे खडे जमलेत. स्किमर चालू असतानाच नळीचं टोक कोमट आरओ पाण्याच्या अर्ध्या कपात बुडवा आणि तेवढं पाणी ओढू द्या. आठवड्यातून एकदा, दोन मिनिटांचं काम. हे नेमाने न केल्यामुळे चांगले स्किमर 'बिघडले' म्हणून विकले जातात.

मिक्सर म्हणजे कंपन, आणि तुमच्या घरात खरा त्रास त्याचाच असावा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. साध्या एसी पंपातल्या चुंबकाला त्यामुळे सेकंदाला शंभर धक्के बसतात आणि १०० हर्ट्झची खर्जातली घरघर तयार होते. पंपापाशी ती फारशी ऐकू येत नाही. पण पंप सम्पच्या काचेला, सम्प प्लायवूडला, प्लायवूड भिंतीला टेकलेलं असतं. तंबोऱ्याची तार एकटी किती वाजते आणि भोपळ्यामुळे किती वाजते, ते आठवा. तुमचं कपाट त्या भोपळ्याचं काम करतं. शिवाय खर्जाचा आवाज खोलीच्या कोपऱ्यात आणि भिंतीलगत जास्त दाटतो, आणि आईंचा दिवाण नेमका तिथे आहे.

चाचणी अशी: स्किमर त्याच्या मानेला, पाण्याच्या वरच्या भागाला धरून बोटभर उचला. घरघर एकदम कमी झाली तर ती तळातून जात होती. मग सम्पच्या चारही बाजूंना बोट घालून बघा. स्किमरचं अंग, पंपाची वायर किंवा कप कुठेही काचेला टेकता कामा नये, सगळीकडे निदान दोन सेंटीमीटर जागा हवी. तळाला चार कोपऱ्यांत मऊ सिलिकॉनचे पाय किंवा सिलिकॉनच्या पट्टीचे तुकडे द्या. पाण्यात साधा फोम किंवा योगा मॅट वापरू नका. ते तरंगतात, आणि त्यांतून काय सुटेल याचा भरवसा नाही. तीच मॅट सम्पच्या खाली, कोरड्या जागी मात्र उत्तम चालते. १० मिलिमीटर जाडीची, सम्पच्या पूर्ण तळाला पुरेल अशी, सलग एक तुकडा. त्यासाठी सम्प रिकामा करावा लागेल, म्हणून पुढच्या पाणी बदलाच्या दिवशी ते करा. रिटर्न पंपाचा कडक पीव्हीसी पाईप सरळ वर जात असेल तर मध्ये वीतभर सिलिकॉनची नळी क्लिप लावून जोडा. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर दोन-तीन सेंटीमीटर फट हवी. भरलेला टँक मात्र सरकवू नका. फट नसेल तर टँक कधी रिकामा कराल तेव्हा ती ठेवा.

आणि दिवाण. तो कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर लांब सरकवा, किंवा डोकं आणि पाय अदलाबदल करा. हे आजच करता येईल, आणि सगळ्या उपायांत सर्वांत स्वस्त आहे.

घरघरीत मधूनच खरखर मिसळत असेल तर पंप उघडायची वेळ झाली आहे. दीड वर्षात तो एकदाही उघडला नसेल तर आत कॅल्शियमचा पांढरा थर नक्की आहे. वीज बंद करून पंप काढा, पुढचं झाकण फिरवून सोडवा, इम्पेलर (आतला फिरणारा, चुंबक आणि सुयांचा भाग) बाहेर ओढा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन सगळे भाग दोन-तीन तास भिजवा आणि जुन्या मऊ टूथब्रशने घासा. सिरॅमिकचा दांडा आडवा धरून बघा. बारीक तडा असेल तरी तो बदलायचा. दांड्याच्या दोन्ही टोकांचे रबरी बुश बघा, साफ करताना बेसिनमध्ये वाहून जातात ते हेच. बुश नसलेला पंप कितीही महाग असला तरी खडखडणारच. इम्पेलरच्या बारीक सुयांपैकी एका बाजूच्या तुटल्या असतील तर तोल जातो, मग नवीन इम्पेलर. चुंबक फुगून त्याच्यावर चीर पडली असेल तर तो लगेच टाकून द्या. व्हिनेगरऐवजी बाथरूमची ॲसिडं वापरू नका. धुऊन लावल्यावर दिवसभर फेस वेडावाकडा चढतो, तेव्हा बाहेर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवा. पुढे दर तीन महिन्यांनी हे करत जा.

राहिली जागा. ही चूक तुमच्या सम्पमध्ये सर्वांत मोठी आहे आणि दुरुस्त करायला सर्वांत सोपी. टँकमधून वाफ होऊन जाणारं पाणी सम्पच्या शेवटच्या कप्प्यातूनच कमी होतं, बाकीच्या कप्प्यांची पातळी मधल्या काचांच्या उंचीने ठरलेली असते. तुमचा शेवटचा कप्पा २० × ३० सेंटीमीटरचा धरला आणि दिवसाला दोन लिटर पाणी उडालं, तर तिथली पातळी तीन सेंटीमीटरहून जास्त खाली जाते. हॉलमध्ये एसी चालला तर आणखी. पाणी सकाळी भरत असाल तर रात्री पातळी तळाला, म्हणजे स्किमरमधून बाहेर येणारं पाणी उंचावरून पडतं, धबधब वाढते आणि फेस खाली बसतो. सकाळी पाणी टाकलं की पातळी वर, फेस ओला, कप भरलेला. आवाज रात्रीच जास्त का, याचं एक उत्तर इथे असू शकतं. घरातली शांतता हे दुसरं.

स्किमर पहिल्या किंवा मधल्या कप्प्यात हलवा. तो किती खोल पाण्यात ठेवायचा हे त्याच्या कागदावर दिलेलं असतं, बहुतेक सम्पमधल्या स्किमरांना १५ ते २० सेंटीमीटरच्या आसपास पाणी लागतं. कप्प्यात २४ सेंटीमीटर पाणी असेल आणि स्किमरला १८ हवं असेल, तर दोन इंची पीव्हीसी पाईपचे ६ सेंटीमीटर उंचीचे चार तुकडे कापा, प्रत्येकाला दोन-तीन भोकं पाडा म्हणजे आत पाणी साचून सडणार नाही, आणि त्यांच्यावर स्किमर बसवा. बाहेर पडणाऱ्या पाण्याची गुडगुड राहिली तर तोंडाला वरून उघडा टी (तीन तोंडांचा पाईपचा तुकडा) जोडा. पाणी खाली उतरतं, हवा वरून निघून जाते, गुडगुड थांबते. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) बसवला तर शेवटच्या कप्प्याचीही चिंता मिटते.

एवढं झाल्यावर आठवडाभर थांबा आणि तोच डेसिबलचा आकडा पुन्हा घ्या. अजूनही आईंना त्रास होत असेल तर नवीन स्किमर घ्या, पण दोन समजुती मागे ठेवून घ्या.

पहिली, मोठा म्हणजे चांगला. तुमचा टँक काठोकाठ १९० लिटरचा. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली आणि सम्पमधलं पाणी मिळवलं, तर प्रत्यक्षात १८० लिटरच्या आसपास. त्यात चार छोटे मासे. फेस टिकून वर चढायला पाण्यात पुरेशी सेंद्रिय घाण लागते. बुडबुड्यांना चिकटून तीच फेसाला घट्ट करते. रुंद मानेच्या मोठ्या स्किमरला चार माशांची घाण पुरत नाही. फेस मानेत अर्ध्यावर चढतो, बसतो, पुन्हा चढतो. मग आपण व्हॉल्व्ह पिळत राहतो आणि मोठा पंप विनाकारण गरजत राहतो. पेटीवरचा सर्वांत मोठा आकडा जवळजवळ रिकाम्या टँकचा असतो, तो सोडून मध्यम भारासाठीचा आकडा बघा. तुमच्यासाठी तो २५० ते ४०० लिटरच्या दरम्यान हवा. एवढ्या स्किमरचा पंप साधारण ६ ते १२ वॅटचा असतो आणि शांततेचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

दुसरी, डीसी म्हणजे शांत. डीसी पंपात ती १०० हर्ट्झची घरघर नसते, हे खरं. वेग कमी-जास्त करता येतो आणि खाऊ घालताना दहा मिनिटं थांबवणारं बटण असतं, हेही खरं. पण हवेची फुसफुस जशीच्या तशी राहते, कारण ती हवेची आहे. फार हळू चालवला तर बुडबुडे कमी आणि जाडे होतात. शिवाय एक ॲडॉप्टर आणि एक कंट्रोलर वाढतो, आणि आपल्या पावसाळी दमट हवेत सम्पच्या कपाटात खाऱ्या पाण्याचे तुषार आधी त्यांनाच खातात. घेतलात तर दोन्ही कपाटाबाहेर, उंचावर लावा आणि वायरला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही. चांगल्या घडणीचा लहान एसी पंपही आईंच्या कानाला पुरेसा शांत असू शकतो, आणि उरलेल्या पैशांत टॉप-ऑफ बसतो. तुमच्या जागी मी आधी तेच बघेन.

दुकानात गेल्यावर पेटी बंद असताना पैसे देऊ नका. कुर्ल्याला जा किंवा वाशीला, पाण्यात चालवून दाखवायला सांगा, आणि दुकानातले बाकीचे पंप खडखडत असतात म्हणून कान न लावता पंपाच्या अंगावर बोट ठेवा. बोटाला झिणझिण्या येतील इतकं कंपन असेल तर तो घरी शांत होणार नाही. पंपाच्या अंगावर २२०–२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ छापलेलं हवं. ६० हर्ट्झसाठी बनवलेला एसी पंप आपल्याकडे सहाला पाच या प्रमाणात हळू फिरतो, मिनिटाला ३६०० ऐवजी ३००० फेरे, आणि हवा कमी ओढतो. सुटा इम्पेलर आणि दांडा इथे मिळतो का, हे विचारा. नाही म्हणाले तर तो स्किमर कितीही नावाजलेला असो, सोडून द्या. रीफ ऑक्टोपस, बबल मॅगस, नायोस, ट्युंझे, सगळ्यांना हाच निकष. घरून कप्प्याची आतली मापं लिहून न्या. लांबी-रुंदीत चारी बाजूंनी दोन सेंटीमीटर वजा करा, आणि उंचीत कप वर उचलून काढायला ८–१० सेंटीमीटर जास्त धरा. हे शेवटचं माप विसरल्यामुळे कप साफ करायला दर वेळी पूर्ण स्किमर बाहेर काढावा लागतो, आणि मग तो साफच होत नाही. टँकच्या काचेवर लटकवायचे स्किमर तुमच्यासाठी नकोत. कंपन थेट काचेत उतरतं आणि पाणी वरून पडतं.

इन्व्हर्टरवर टँक चालत असेल तर तो प्युअर साइन वेव्हचा आहे का ते बघा. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात. फक्त वीज गेल्यावरच आवाज येतो अशी तक्रार असणाऱ्यांनी आधी इथे बघावं.

हवेची नळी खिडकीबाहेर काढायची कल्पना तुम्हाला कुणीतरी देईल, आणि ती चांगली आहे. फुसफुस घराबाहेर जाते. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने साठलेला कार्बन डायऑक्साइड टँकमध्ये जात नाही, त्यामुळे पहाटेचा पीएचही सावरतो. तीन मीटर लांबीला १० ते १२ मिलिमीटरची नळी घ्या आणि टोकाला जाळी लावा. पण पावसाळ्यात सोसायटीत महापालिकेची धूरफवारणी होते. डास मारणारी ती रसायनं कोळंबीच्या कुळाला फार विषारी असतात, आणि स्किमर ती हवा थेट पाण्यात घुसळतो. तुमचा क्लीनर श्रिम्प सर्वांत आधी जाईल. भोंगा ऐकू आला की नळी काढून घरात घ्यायची आणि खिडक्या बंद, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं. आईंच्या उशाशी डासांची लिक्विड मशीन लावत असाल तर तीही टँकपासून दूर न्या, किंवा मच्छरदाणी बांधा. गावाकडची सवय असेल तर त्यांना मच्छरदाणीच आवडेल.

स्किमरशिवाय चालेल का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण चार लहान मासे आणि सॉफ्ट कोरल असलेल्या टँकसाठी तो विचारण्यासारखा आहे. चालू शकतं. दर आठवड्याला १८–२० लिटर पाणी बदलायचं, मधल्या कप्प्यात चेटोमॉर्फा शेवाळ वाढवून त्याचा दिवा रात्री लावायचा म्हणजे टँक अंधारात असताना ते ऑक्सिजन देतं, खाणं मोजून घालायचं, पृष्ठभाग सतत हलता ठेवायचा. नायट्रेट १० पीपीएमच्या आत आणि फॉस्फेट ०.१ च्या आत राहतं का ते दर आठवड्याला तपासायचं. हे सगळं वर्षभर न चुकता करणारी माणसं आहेत. पण एक सुट्टी लांबली, एक मासा दगडामागे मेला, की स्किमर नसलेला टँक फार लवकर कोलमडतो. तुमच्याकडे घरचं, नोकरीचं आणि आईंचं बघायचं आहे. तुम्ही स्किमर ठेवावा असंच सुचवेन.

यात आईंनाही बरोबर घ्या. चाचणीच्या रात्री त्यांना जागं ठेवू नका, पण दुसऱ्या दिवशी दुपारी, घर शांत असताना, त्यांना दिवाणावर बसवून नळी दाबा आणि स्किमर उचला. 'आता कमी झालं का, आणि आता?' असं विचारत जा. खर्जाची घरघर काहींना जाणवतच नाही आणि काहींना असह्य होते. तुमच्या कानावर हा निर्णय सोडू नका. पत्नीलाही डेसिबलचे आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवा. टँक विकण्याचं त्यांचं मत या आवाजामुळे आणि ओल्या कपाटामुळे बनलं असेल, तर दोन्ही गोष्टी आता बदलत आहेत.

नवीन स्किमर आलाच तर आधी व्हिनेगरच्या पाण्यात एक दिवस चालवून धुऊन घ्या. प्लॅस्टिकवरचा कारखान्यातला तेलकटपणा जाईपर्यंत तो फेस धरत नाही, आणि टँकमध्ये लावल्यावरही पूर्ण रुळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. या काळात बारीक बुडबुडे टँकभर दिसतील आणि कप एखाद्या वेळी वाहील, म्हणून तो रात्री प्रथमच सुरू करू नका. टँकमध्ये हात घालण्याआधी खोबरेल तेलाचा अंश धुऊन टाका, तेलाच्या थेंबानेही फेस काही तास बसतो. जुना स्किमर तीन आठवडे ठेवून द्या. नवा नीट रुळला आणि आईंना सलग सात रात्री झोप लागली की मग विकायला काढा.